अतिवजनाचा आर्थिक व सामाजिक भार : नृसिंहवाडी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर वसलेले श्रीक्षेत्र नृसिंहवाडी हे शिरोळ तालुक्यातील दत्तसंप्रदायाचे एक प्रमुख तीर्थक्षेत्र होय. शनिवार, पौर्णिमा व दत्तजयंती या दिवशी येथे महाराष्ट्र व कर्नाटकातून भाविकांची मोठी गर्दी होते. पादुकांचे दर्शन घेऊन परतणारा भाविक वाडीची बासुंदी, पेढे किंवा कवठाची बर्फी घेतल्याशिवाय सहसा जात नाही. गावातील अनेक कुटुंबांची उपजीविका या मिठाईवर चालते. भोवतालचा परिसर उसाचा व दुधाचा असून शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्थांनी या भागाला आर्थिक स्थैर्य दिले. साखर आणि दूध ही येथील समृद्धीची दोन साधने आहेत असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

समृद्धीचा शरीराशी असलेला संबंध मराठी भाषेतही उमटलेला दिसतो. अंगाने भरलेल्या माणसाला ‘खात्यापित्या घरचा’ म्हटले जाते. गावोगावी ‘गुटगुटीत बालक’ स्पर्धा भरविल्या गेल्या. दुष्काळ व उपासमार अनुभवलेल्या समाजाला भरलेले अंग हे सुखाचे लक्षण वाटावे, हे स्वाभाविकच होते. तथापि ज्या शरीराकडे पूर्वी संपत्तीचे चिन्ह म्हणून पाहिले गेले, तेच आज कुटुंबाच्या खर्चाचे कारण ठरत आहे. प्रस्तुत लेखात या बदलाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) अतिवजनाची संकल्पना भारतीय संदर्भात स्पष्ट करणे.
२) अतिवजनामुळे कुटुंबावर पडणाऱ्या आर्थिक भाराचे स्वरूप समजून घेणे.
३) अतिवजनाच्या सामाजिक परिणामांचा व आर्थिक भाराचा परस्परसंबंध तपासणे.

या विवेचनासाठी दुय्यम साधनसामग्रीचा आधार घेतला असून वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

अतिवजनाची संकल्पना :

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीर वस्तुमान निर्देशांक मिळतो. जागतिक पातळीवर २५ व त्यापुढील निर्देशांक अतिवजन आणि ३० व त्यापुढील निर्देशांक लठ्ठपणा मानला जातो. भारतीयांच्या शरीरात तुलनेने कमी वजनालाही चरबीचे प्रमाण अधिक असते. म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून अतिवजन व २५ पासून लठ्ठपणा अशी मर्यादा सुचविली. १६५ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ६८ किलो असेल, तर तिचा निर्देशांक सुमारे २५ येतो. म्हणजे समाजाच्या नजरेत ‘बेताची’ असलेली व्यक्ती या निकषानुसार लठ्ठपणाच्या उंबरठ्यावर असते.

या संदर्भात पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन महत्त्वाचे आहे. त्यांनी व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. त्यामुळे केवळ वजनकाट्यावर विसंबून न राहता कमरेचा घेर मोजणे आवश्यक ठरते. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही त्याची मर्यादा मानली जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष अतिवजनाच्या गटात होते. यासाठी २५ हा निकष धरला होता. याच सर्वेक्षणात १८.७ टक्के स्त्रियांचे वजन गरजेपेक्षा कमी आढळले. कुपोषण व अतिपोषण एकाच समाजात शेजारी शेजारी नांदतात, हे यावरून स्पष्ट होते. शिरोळ परिसरात ऊसतोडीसाठी येणाऱ्या मजुरांच्या कृश शरीरांकडे आणि त्याच उसाच्या साखरेवर पोसलेल्या बैठ्या जीवनाकडे एकत्र पाहिले असता हा विरोधाभास सहज लक्षात येतो.

आहार व बदललेले श्रम :

बासुंदीसाठी दूध आटवून एक तृतीयांश केले, तर १०० मिली बासुंदीत सुमारे ३०० मिली दुधाचा स्निग्धांश उतरतो. म्हशीच्या तेवढ्या दुधात १८ ते २० ग्रॅम स्निग्धांश असतो आणि साखर त्याखेरीज पडते. अशी एक वाटी साधारणपणे ३५० कॅलरी देते. वर्षातून एकदा वाडीला येणाऱ्या भाविकाच्या दृष्टीने हा प्रसाद असतो व त्याने फारसे बिघडत नाही. प्रश्न दररोजच्या आहाराचा आहे. दिवसातून अनेकदा होणारा गोड चहा, तळलेले पदार्थ आणि उपवासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटा व शेंगदाण्याचे कूट यांनी भरलेले ताट, यांतून ऊर्जा साठत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घेतलेल्या साखरेचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावे.

दुसरीकडे श्रम कमी झाले. मोटेची जागा विद्युत पंपाने, बैलाची ट्रॅक्टरने व पायी चालण्याची मोटारसायकलने घेतली. दुकानदाराचा दिवस गल्ल्यावर बसून जातो. श्रम घटले, परंतु श्रमिकाचा आहार मात्र तसाच राहिला. यात व्यक्तीच्या खादाडपणापेक्षा बदललेल्या अर्थव्यवस्थेचा वाटा मोठा आहे.

आर्थिक भार :

अतिवजनामुळे मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्यांची झीज व झोपेतील श्वसनाचे विकार यांची शक्यता वाढते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर पोटाच्या लठ्ठपणाचे प्रमाण ३९.५ टक्के आढळले. २०२२ मध्ये ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतावर अतिवजनामुळे पडलेला भार स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १ टक्का इतका होता.

राष्ट्रीय पातळीवरील ही टक्केवारी अखेर घराघरांतूनच गोळा झालेली असते. या भाराचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष असे दोन भाग पडतात. डॉक्टरांची फी, रक्ततपासणी, औषधे व शस्त्रक्रिया हा प्रत्यक्ष खर्च होय. बुडालेली मजुरी, बंद ठेवावे लागलेले दुकान, तपासणीसाठी जयसिंगपूर, सांगली किंवा कोल्हापूरला जाण्याचा प्रवास आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा वाया गेलेला दिवस हा अप्रत्यक्ष खर्च होय. दुसऱ्या प्रकारच्या खर्चाची कोणत्याही वहीत नोंद होत नाही. म्हणून तो जाणवत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांना मिळतो. अतिवजनाशी निगडित विकारांचा खर्च मात्र आयुष्यभर, महिन्याकाठी थोडा थोडा होत असतो. सरकारी आरोग्य केंद्रांत मधुमेह व रक्तदाबाची मूलभूत औषधे विनामूल्य मिळण्याची व्यवस्था आहे. तरीही अनेक कुटुंबे खासगी दवाखान्याचाच मार्ग धरतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांचा तडाखा सोसलेल्या या परिसरात घराची डागडुजी, मुलांचे शिक्षण व औषधपाणी या तिन्हींचा भार एकाच शिलकीवर पडतो.

सामाजिक भार :

पैशात न मोजता येणारी किंमतही मोठी आहे. शाळेतील जाड मुलाला ‘ढब्बू’, ‘जाड्या’ अशी नावे पडतात व ती वयाबरोबर जात नाहीत. विवाहाच्या जाहिरातीत ‘सडपातळ’ हे विशेषण वधूसाठी हटकून येते. वराचे सुटलेले पोट मात्र कौतुकाच्या थट्टेवर निभावून जाते. प्रसूतीनंतर वाढलेल्या वजनाबद्दल स्त्रीलाच बोल लावला जातो; परंतु घरातील सर्वांच्या वेळा सांभाळताना तिला स्वतःसाठी अर्धा तास चालायला मिळतो काय, हे कोणी विचारत नाही. एकट्या स्त्रीने पहाटे फिरावयास जाणे हाही काही घरांत चर्चेचा विषय होतो.

या अवहेलनेचा आर्थिक भाराशी थेट संबंध आहे. २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निवेदनात वजनावरून होणारी हेटाळणी आरोग्यास अपायकारक असून ती उपचारांच्या आड येते, असे नमूद केले आहे. ‘आधी वजन कमी करा, मग या’ असे ऐकावे लागेल या भीतीने रुग्ण दवाखाना टाळतो. जो विकार प्रारंभी स्वस्त गोळीने आटोक्यात आला असता, तो पुढे मूत्रपिंड किंवा हृदयापर्यंत पोहोचतो. म्हणजेच समाजाने केलेल्या थट्टेची किंमत कुटुंबाला पैशाच्या रूपाने मोजावी लागते.

उपाययोजना :

१) चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींनी आहार व व्यायामात बदल केल्याने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. २०२५ मध्ये भारतात दाखल झालेल्या टिर्झेपेटाइडसारख्या इंजेक्शनांचा खर्च त्या वेळी महिन्याला दहा हजार रुपयांहून अधिक होता. हे पाहता प्रतिबंध हाच सामान्य कुटुंबाला परवडणारा मार्ग आहे.
२) तिशीनंतर वर्षातून एकदा कमरेचा घेर, रक्तदाब व रक्तशर्करा तपासावी. ग्रामपंचायत, बचत गट व महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना यांनी यात पुढाकार घ्यावा.
३) मिठाईविक्री बंद करणे व्यवहार्य नाही व न्याय्यही नाही. लहान आकाराची पुडी व कमी साखरेचा पर्याय मात्र विक्रेत्यांना ठेवता येईल.
४) स्त्रियांना निर्धास्तपणे चालता येईल असा प्रकाशाची सोय असलेला रस्ता ही आरोग्यसुविधाच समजावी.
५) शाळा व दवाखान्यांत वजनावरून होणाऱ्या थट्टेस आळा घालावा.

निष्कर्ष :

अतिवजन हा केवळ व्यक्तीच्या जिभेचा दोष नसून बदललेले श्रम, आहार व सामाजिक दृष्टी यांचा एकत्रित परिणाम आहे. त्याचा खर्च शासनाच्या योजनांपेक्षा कुटुंबाच्या शिलकीतून अधिक भागविला जातो आणि अवहेलनेमुळे तो वाढत जातो. प्रसाद हा हातावर घेण्याइतकाच असतो, ही जाण आपल्या परंपरेत मुळातच आहे. ती दैनंदिन आहारात आणणे आणि स्थूल व्यक्तीकडे दोषी म्हणून न पाहता साहाय्यास पात्र म्हणून पाहणे, या दोन गोष्टी साधल्या तर नृसिंहवाडीसारख्या परिसराला आपली समृद्धी आरोग्यासह टिकविता येईल.