तिळाएवढ्या जागेवर दोन माणसांचा भार



जुन्या धर्तीचे शिवणयंत्र चालताना तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? चाक एकसारखे गोल फिरत असते. परंतु दोरा ओढणारी वरची तरफ मात्र एका लयीत सावकाश खाली येते आणि झटकन वर जाते. एकसारख्या गोल फिरण्यातून असे हवे तसे वरखाली होणे निर्माण करण्याचे काम यंत्राच्या पोटात दडलेला एक भाग करतो. त्याला म्हणतात कॅम. ज्याचा कडेचा आकार पूर्ण गोल नाही, एका बाजूला उंचवटा आहे, असे चाक म्हणजे कॅमचा सर्वांत साधा प्रकार होय.

मोटारीच्या इंजिनात असे अनेक कॅम एकाच दांड्यावर ओळीने असतात. हा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. सिलिंडरात हवा व इंधन आत घेणाऱ्या आणि जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा केव्हा उघडायच्या, किती उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे सारे कॅमच्या आकारावर ठरते. कॅम ज्या दंडगोल तुकड्याला वर ढकलतो त्याला टॅपेट म्हणतात. टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकर नावाच्या तरफेला आणि रॉकर झडपेला ढकलतो. झडप परत बंद करण्याचे काम स्प्रिंगचे.

वेगाचे वेड

अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, जुन्या मोटारींची इंजिने सुधारून त्या शर्यतीत पळवण्याचा छंद दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून आहे. झडप अधिक उंच उचलली आणि अधिक वेळ उघडी ठेवली, तर जास्त फेऱ्यांच्या वेळी सिलिंडरात अधिक हवा शिरते आणि इंजिनाची शक्ती वाढते. त्यासाठी इंजिन बदलावे लागत नाही. कॅमशाफ्ट बदलला तरी पुरते. एड इस्केंदेरियन यांनी १९४६ मध्ये अशा खास कॅमशाफ्टचा व्यवसाय सुरू केला. पुढे शेव्हरोलेचे १९५५ मधील आठ सिलिंडरांचे इंजिन आले आणि हा धंदा फोफावला. त्या इंजिनाच्या कॅमशाफ्टवर प्रत्येक सिलिंडरासाठी दोन, म्हणजे एकूण सोळा कॅम असतात.

आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘कंपनीचा’ भाग आणि ‘बाहेरचा’ भाग असे म्हणतात, त्यातला हा ‘बाहेरचा’ भाग. पण तो नकली नव्हे. मूळ भागापेक्षा अधिक काम करावे, म्हणून तो मुद्दाम वेगळा बनवलेला असतो. तरीही नवा कोरा कॅमशाफ्ट बसवल्यावर पहिल्या तासाभरातच त्याचा एखादा कॅम झिजून जवळजवळ गोल झाला, अशा तक्रारी या छंदात पुष्कळ ऐकू येतात. असे का व्हावे? उत्तर शोधण्यासाठी थोडे गणित करू.

थोडे गणित

कॅमशाफ्टचा वेग इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, निम्मा असतो. क्रँकशाफ्ट मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट ३००० घेतो. म्हणजे सेकंदाला ५०. समजा, फेऱ्याच्या एक तृतीयांश भागात झडप १० मिलिमीटर वर जाऊन परत खाली येते. म्हणजे हे सारे सेकंदाच्या १५०व्या भागात उरकते! ही गती सरल आवर्त गतीसारखी मानली, तर तिचा आयाम ५ मिलिमीटर आणि वारंवारता सेकंदाला १५०. त्वरण = आयाम × (२π × वारंवारता)² हे सूत्र वापरा. उत्तर येते सुमारे ४४०० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ४५० पट.

झडप, रॉकर, पुशरॉड व टॅपेट मिळून २०० ग्रॅम वस्तुमान हलते असे समजू. झडप पूर्ण उघडल्यावर तिला परत फिरवण्यासाठी स्प्रिंगला सुमारे ८८० न्यूटन, म्हणजे ९० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागेल. शेव्हरोलेच्या इंजिनात रॉकरच्या तरफेचे गुणोत्तर १.५ आहे. म्हणून इतका जोर असलेली स्प्रिंग कॅमच्या टोकावर सुमारे १३५ किलोग्रॅम, म्हणजे दोन प्रौढ माणसांच्या वजनाइतका भार टाकते.

आता खास कॅम बसवू. उचल १० ऐवजी १२ मिलिमीटर आणि फेरे ६००० ऐवजी ७२००. उचलीमुळे त्वरण १.२ पट होईल. पण फेऱ्यांमुळे १.२ चा वर्ग, म्हणजे १.४४ पट. दोन्ही मिळून सुमारे १.७३ पट. तेवढीच बळकट स्प्रिंग घालावी लागेल आणि तिचा सगळा भार कॅमच सोसणार.

हा भार पेलला जातो तरी किती जागेवर? वक्र कॅम आणि जवळजवळ सपाट टॅपेट एकमेकांना खरे तर एका रेषेतच टेकले पाहिजेत. प्रत्यक्षात धातू किंचित दबतो आणि रेषेची अरुंद पट्टी होते. दोन वक्र पृष्ठभाग दाबले असता ही पट्टी किती रुंद होईल, याचे गणित हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकाच्या आरंभी मांडले. विद्युत्-चुंबकीय लहरींमुळे प्रसिद्ध झालेले हर्ट्झ ते हेच. आपल्या उदाहरणातील कॅमच्या टोकाची त्रिज्या १० मिलिमीटर धरली, तर त्यांच्या सूत्राने पट्टीची रुंदी ०.३ मिलिमीटरहूनही कमी येते. लांबी १२ मिलिमीटर धरली तर क्षेत्रफळ झाले सुमारे साडेतीन चौरस मिलिमीटर. एका तिळाएवढ्या जागेवर दोन माणसे! आणि तीही नुसती उभी नाहीत, तर घासत जाणारी.

लोखंडाची कठिणता

एवढा दाब साधे बीड सोसू शकत नाही. म्हणून कॅमशाफ्ट ओतताना एक युक्ती करतात. साच्यात जेथे कॅम येणार तेथे लोखंडाचे थंड ठोकळे बसवतात. वितळलेले बीड त्यांना लागताच झटकन निवते. त्यातील कार्बनला ग्राफाइटच्या रूपाने वेगळे होण्यास वेळच मिळत नाही. तो लोखंडाशी संयोग पावून अतिशय कठीण असे आयर्न कार्बाइड तयार होते. उरलेला दांडा सावकाश निवतो व तुलनेने मऊ राहतो. सोलापूर येथे १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी अशा तऱ्हेचे कॅमशाफ्ट देशोदेशींच्या मोटार कारखान्यांना पुरवत आली आहे.

खास कॅमशाफ्ट बनवणारे अनेक व्यावसायिक स्वतः बीड ओतत नाहीत. ओतशाळेकडून कच्चे दांडे घेऊन ते त्यांना घासून हवा तो आकार देतात. येथे पहिला धोका आहे. कठीण थराला मर्यादित जाडी असते. जास्त उचल मिळवण्यासाठी कॅम अधिक खोल घासला, तर हा थर पातळ होऊ शकतो. बाहेरून मात्र चांगला आणि वाईट कॅम सारखेच चकचकीत दिसतात!

दुसरी गोष्ट आणखी बारीक आहे. सपाट दिसणारा टॅपेट खरोखर सपाट नसतो. त्याचा तळ मध्यभागी काही शतांश मिलिमीटर फुगीर असतो आणि कॅमही तितकाच किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे दोघे मधोमध न टेकता थोडे बाजूला टेकतात आणि कॅमच्या प्रत्येक फेऱ्याला टॅपेट स्वतःभोवती थोडा वळतो. अशा रीतीने झीज सगळ्या तळावर वाटली जाते. केसाच्या जाडीहूनही कमी असलेला हा उतार घासताना चुकला, तर टॅपेट वळत नाही. एकच जागा पुनःपुन्हा घासली जाते, तापते आणि काही मिनिटांत कॅम खलास होतो.

तेलाचा प्रश्न

तिसरा साथीदार वंगण. इतक्या दाबाखाली तेलाचा थर तुटतो. म्हणून १९४०च्या दशकापासून इंजिनाच्या तेलात जस्त व फॉस्फरस असलेले एक संयुग मिसळू लागले. उष्णता व दाब मिळताच ते धातूवर संरक्षक पापुद्रा तयार करते. पण अमेरिकेत १९७५ पासून मोटारींना धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक बसवले जाऊ लागले आणि फॉस्फरसने ते निकामी होतात असे आढळले. म्हणून तेलातील त्याचे प्रमाण घटवत नेले. २००४ च्या ‘एसएम’ दर्जात हलक्या तेलांसाठी कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठरली. नव्या इंजिनांना याची फारशी झळ लागली नाही, कारण तोपर्यंत अनेक इंजिनांत घासणाऱ्या टॅपेटऐवजी रूळ लावलेले टॅपेट आले होते. झळ लागली ती जुन्या पद्धतीच्या इंजिनांना.

आता एक कोडे. नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर पहिली वीस-तीस मिनिटे इंजिन मंद न चालवता २००० ते २५०० फेऱ्यांवर चालवा, असे बनवणारे सांगतात. नवी वस्तू सावकाश चालवायला नको का? नको! वेग वाढला की झडपेचे जडत्व स्प्रिंगच्या जोरातला काही भाग खाऊन टाकते आणि कॅमच्या टोकावरचा भार हलका होतो. मंद गतीत मात्र स्प्रिंगचा पूर्ण भार टोकावर येतो. शिवाय कॅमला तेल मिळते ते बरेचसे क्रँकशाफ्टने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि मंद गतीत हे शिंतोडे कमी उडतात.

सोळा वेळा गुणाकार

समजा, कॅम व टॅपेटची प्रत्येक जोडी टिकण्याची शक्यता शंभरात ९९ आहे. छान वाटते ना? परंतु इंजिन नीट चालण्यासाठी सोळाच्या सोळा जोड्या टिकल्या पाहिजेत. ०.९९ ला स्वतःनेच सोळा वेळा गुणून पाहा, उत्तर ०.८५ येते. म्हणजे साधारण सात इंजिनांपैकी एक बिघडणार! हेच प्रमाण हजारात ९९९ असेल तर उत्तर ०.९८ येते. म्हणूनच मोटार कारखाने नवे इंजिन बाजारात आणण्यापूर्वी त्याच्या दीर्घकाळ चाचण्या घेतात. तेथे कॅम, स्प्रिंग, टॅपेट व तेल एकमेकांसह पारखले जातात. बाहेरचा कॅमशाफ्ट मात्र कोणत्या स्प्रिंगबरोबर आणि कोणत्या तेलात फिरेल, हे बनवणाऱ्याला ठाऊकच नसते. शेवटची चाचणी ग्राहकाच्याच इंजिनात होते.

ती फसली तर नुकसान एका कॅमपुरते राहत नाही. झिजलेल्या लोखंडाचा चुरा तेलाबरोबर बेअरिंगांत जातो आणि सारे इंजिन उघडून साफ करावे लागते. मग वाद सुरू होतो: दांडा मऊ होता, की तेल चुकीचे, की सुरुवातीची मिनिटे नीट पाळली नाहीत? याचा निवाडा कठीण असतो, कारण पुरावा देणारा पृष्ठभागच झिजून गेलेला असतो.

म्हणून पुरावा शाबूत असतानाच मोजमाप करणे शहाणपणाचे. जाणते कारागीर सोळाही कॅमांची उचल डायल गेजने मोजून सोबतच्या पत्रकाशी ताडून पाहतात. कठिणता यंत्राने तपासून घेतात. दोन नवे टॅपेट तळाला तळ लावून उजेडासमोर धरतात. कडेला बारीक फट दिसली तर तळ फुगीर आहे, फट नसली तर ते टॅपेट बाजूला ठेवतात. इंजिन सुरू झाल्यावर पुशरॉड स्वतःभोवती फिरतात की नाही, हेही पाहतात. त्यांपैकी एखादा स्थिर दिसला, तर इंजिन तत्काळ बंद करतात.

तुमच्या गावात जुनी इंजिने दुरुस्त करणारे गॅरेज असेल, तर तेथील मिस्त्रींना विचारून झिजलेला कॅमशाफ्ट पाहा. शाळेतील व्हर्निअर कॅलिपरने प्रत्येक कॅमची उभी व आडवी मापे घ्या आणि त्यांतील फरक वहीत ओळीने लिहा. कोणता कॅम सर्वांत अधिक झिजला आहे, हे डोळ्यांना कदाचित कळणार नाही. वहीतील आकडे मात्र लगेच सांगतील.