वासालॉपेट

स्वीडनच्या दालार्ना प्रांतात दरवर्षी मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी होणारी दीर्घ पल्ल्याची स्की-शर्यत. सेलेन गावाजवळील बेर्गा येथून निघून ती मूरा या गावी संपते, अंतर सु. ९० किमी. आहे.

शर्यतीचे नाव स्वीडनचा राजा गुस्ताव्ह वासा याच्यावरून पडले. डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियन याने १५२० मध्ये स्टॉकहोम येथे स्वीडिश सरदारांची कत्तल घडविली. त्यानंतर गुस्ताव्हने मूरातील लोकांना उठावाचे आवाहन केले. परंतु ते कचरले, तेव्हा तो स्कीवरून नॉर्वेच्या दिशेने निघून गेला. पुढे लोकांचे मन पालटले व त्यांनी पाठविलेल्या दोघांनी त्याला सेलेनजवळ गाठून परत आणले, अशी आख्यायिका आहे. १५२३ मध्ये तो राजा झाला. आख्यायिकेतील या परतीच्या प्रवासाचीच दिशा शर्यतीने स्वीकारली आहे. वृत्तपत्रसंपादक आंदेर्श पेर्श याच्या सूचनेवरून १९ मार्च १९२२ रोजी पहिली शर्यत झाली. तीत ११९ स्पर्धकांनी भाग घेतला व एर्न्स्ट आल्म याने ती ७ तास ३२ मि. ४९ सेकंदांत जिंकली. १९२४ पासून स्त्रियांना असलेली बंदी १९८१ मध्ये उठली.

भूरचनेच्या दृष्टीने हा मार्ग पश्चिम दाल नदीच्या खोऱ्यातून पूर्व दाल नदीच्या खोऱ्यात उतरतो. बेर्गाचे विस्तीर्ण पटांगण सोडताच पहिल्या सु. ३ किमी.मध्ये सु. १८० मी. चढण लागते. हजारो स्पर्धक एकाच वेळी निघून अरुंद होत जाणाऱ्या या चढणीवर दाटतात. त्यामुळे मागे राहिलेल्यांचा बराच वेळ खर्ची पडतो. मार्गाचा सर्वोच्च बिंदू (५२८ मी.) या पहिल्या टप्प्यातच येतो. पुढे पाणथळ व दलदलीच्या गोठलेल्या सपाट प्रदेशातून मार्ग स्मोगान व मोंग्सबुदार्ना या ठाण्यांवरून जातो. रीसबेर्यपूर्वी पुन्हा चढण आहे. एवर्ट्सबेर्य हे सु. ४७ किमी.वरील ठाणे मार्गाचे जवळजवळ मध्यावरचे ठिकाण होय. त्यापुढे लांब उतार लागतो, पण ऑक्सबेर्यनंतर थकलेल्या पायांना पुन्हा चढ चढावे लागतात. हक्बेर्य व एल्द्रिस ही शेवटची ठाणी होत. प्रत्येक ठाण्यावर ठराविक वेळेत न पोहोचणाऱ्याला शर्यत सोडावी लागते. ठाण्यांवर दिले जाणारे ब्लूबेरीचे गरम सार प्रसिद्ध आहे.

एकूण मार्गात उताराचे व सपाटीचे प्रमाण अधिक असल्याने अलीकडे आघाडीचे स्पर्धक स्कीला पकड देणारे मेण न लावता केवळ काठ्यांच्या रेट्यावर सर्व अंतर कापतात. या तंत्राने घसरण सुलभ होते. मात्र चढणीवरील सारा भार बाहू व धडावर पडतो. नीट आखलेले मार्ग व हलकी साधने यांचीही त्यास जोड मिळाली. २०२१ मध्ये नॉर्वेच्या तूर्द आस्ले येर्दालेन याने ३ तास २८ मि. १८ सेकंद हा उच्चांक नोंदविला.

सखल दलदली व नदीखोऱ्यांतून जाणारा हा मार्ग ऊबदार हिवाळ्यात लगेच बाधित होतो. १९३२, १९३४ व १९९० या वर्षी हिमाच्या अभावी शर्यत रद्द करावी लागली. सांप्रत कृत्रिम हिम तयार करून मार्गावर पसरण्यात येते. चढ-उतार कायम असले, तरी त्यांवरील हिमाची शाश्वती राहिली नाही. शर्यतीचे भवितव्य यावरच अवलंबून आहे.