एका पिनवर वीस टनांचा भार
ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची जोडणी कशी असावी?

गळीत हंगाम सुरू झाला, की पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील रस्त्यांवर उसाने शिगोशिग भरलेल्या ट्रॉल्यांच्या रांगा दिसू लागतात. एका ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या असतात. शहरातून मोटारीने निघालेल्या प्रवाशाला त्यातील डोलणारा ऊस दिसतो; मात्र हा सारा डोलारा ज्या आधारावर ओढला जातो, ती लोखंडी पिन त्याच्या दृष्टीस पडत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीची ही पिन आणि तिच्यासोबतचे किरकोळ वाटणारे सामान यांवर चालकाचेच नव्हे, तर मागून येणाऱ्यांचेही प्राण अवलंबून असतात.

भार किती?

एका ट्रॉलीचे वजन उसासह दहा टन धरले, तर दोन ट्रॉल्यांचे वीस टन होतात. वीस मीटरला एक मीटर अशा चढावर हा भार सुमारे एक टनाच्या जोराने मागे खेचत असतो. हा झाला केवळ स्थिर ताण. पिन भोकात सैल असेल, तर ट्रॅक्टर आधी थोडा पुढे सरकतो, मोकळी जागा संपते आणि मग सारा भार एकदम हिसक्याने पिनवर येतो. असे शेकडो हिसके रोज बसले, की भोक लांबट होते, पिन झिजते आणि हिसका आणखी वाढतो. ट्रॅक्टरलगतच्या पिनवर दोन्ही ट्रॉल्यांचा ताण असतो, तर दोन ट्रॉल्यांमधील पिनवर एकीचाच. म्हणून पहिली पिन सर्वांत भक्कम हवी.

पिनऐवजी बोल्ट नको

पिन हरवली, की हाताशी असलेला बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालून वेळ मारून नेली जाते. बोल्टच्या आट्यांच्या खाचांत ताण एकवटतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. बांधकामाची सळई तर या कामासाठी घडवलेलीच नसते. पिन भोकाच्या मापाची असावी आणि ती वरून खाली घालावी. तिच्या खालच्या टोकाला स्प्रिंगची क्लिप हवीच. खड्ड्यात आदळून पिन वर उसळते, तेव्हा तिला धरून ठेवणारी वस्तू ती क्लिपच असते. तिच्या जागी तारेचा वेढा चालत नाही.

ड्रॉबारला किंवा ट्रॉलीच्या दांडीला तडा गेल्यास गावातील वेल्डिंगच्या दुकानातून तो भरून घेतला जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने लगतच्या पोलादाचा गुणधर्म बदलतो आणि पुढचा तडा अनेकदा त्या जोडाशेजारीच जातो. तडकलेला भाग बदलणे हाच खरा उपाय.

जोड खालीच हवा

ट्रॉली ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या आसाच्या पातळीखालीच जोडली पाहिजे. जोड जितका उंच, तितके चढावर पुढच्या चाकांवरील वजन कमी होते आणि ती उचलली जाऊ लागतात. जोड खाली असेल, तर पुढची बाजू उचलताच ड्रॉबार आणखी खाली जातो व उलटवणारा जोर आपोआप घटतो. आसाच्या वर साखळी बांधून ओढले, की ही नैसर्गिक सुरक्षा नाहीशी होते आणि ट्रॅक्टर क्षणार्धात चालकावर मागे उलटू शकतो.

दुचाकी ट्रॉलीत आसाच्या पुढे थोडे अधिक वजन हवे. ऊस मागे जास्त भरला गेला, तर दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली डोलू लागते.

साखळी आणि ब्रेक

पिन तुटलीच, तर शेवटचा आधार सुरक्षा साखळीचा असतो. दोन साखळ्या दांडीखाली एकमेकींना छेद देतील अशा बांधल्या, तर सुटलेली दांडी रस्त्यात न रुतता त्यांच्या झोळीत अडकते. साखळी वळणाला पुरेल इतकी सैल असावी, मात्र रस्त्याला घासू नये. ती पिनलाच अडकवणे व्यर्थ होय. पिन गेली की साखळीही जाते. तिच्यासाठी ट्रॅक्टरवर स्वतंत्र, भक्कम जागा हवी. दुसऱ्या ट्रॉलीलाही हाच नियम लागू आहे.

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि ट्रॉल्या त्याला मागून ढकलत राहतात. शेतात वळण्यासाठी ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या चाकांना वेगळे ब्रेक पेडल असते. रस्त्यावर येताच ही दोन्ही पेडल खिटीने जोडली नाहीत, तर एकच चाक अडते आणि सारी गाडी आडवी होते.

जोडताना

ट्रॉली सपाट जागी उभी करून चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा. ट्रॅक्टर मागे येत असताना दोहोंमध्ये कोणीही उभे राहू नये. ट्रॅक्टर पूर्ण थांबल्यावर आणि हँडब्रेक ओढल्यावरच मदतनिसाने पुढे होऊन पिन घालावी. घाईत नेमका हाच क्रम मोडला जातो आणि मदतनीस चिरडला जातो.

मागच्याला दिसले पाहिजे

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉलीचीही नोंदणी आवश्यक आहे आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक शेवटच्या ट्रॉलीवर असावा लागतो. प्रत्यक्षात बाहेर लोंबणाऱ्या उसाखाली क्रमांक, दिवे आणि रिफ्लेक्टर सारेच झाकले जाते. म्हणून ऊस भरून झाल्यानंतर मागे जाऊन पाहणे आणि सर्वांत मागे आलेल्या टोकावर लाल रिफ्लेक्टर बांधणे गरजेचे आहे. दिव्यांची वायर वळणावर ताणून तुटणार नाही, इतकी सैल असावी.

मोटारचालकांनीही रात्री अशा वाहनापासून पुरेसे अंतर राखावे. ओलांडताना पुढे एक नव्हे, दोन ट्रॉल्या आहेत, असे गृहीत धरावे. पिन, क्लिप, साखळी आणि रिफ्लेक्टर तपासण्यास पाच मिनिटे पुरतात. कारखान्याच्या काट्यावर तासन्‌तास रांगेत थांबणाऱ्या चालकाला ही पाच मिनिटे काढणे अवघड नाही.