जगदीश्वराचा घुमट

पायथ्याच्या पाचाडहून रायगड चढून आलेल्या बहुतेकांना जगदीश्वराच्या देवळात एकच गोष्ट ऐकायला मिळते. देवळाला शिखर नाही, घुमट आहे; लांबून मशीद वाटावी आणि शत्रूने हात लावू नये म्हणून शिवाजी महाराजांनी असे बांधून घेतले. ऐकणारे माना डोलावतात, दर्शन घेतात आणि महाराजांच्या समाधीकडे वळतात.

मला ही गोष्ट पटत नाही. ती खोडून काढायला देवळातल्या वस्तूच पुरेशा आहेत.

दारासमोर नंदी आहे. आज तो भग्न आहे, पण त्याचा आकार आणि घडण पाहता तो लपवण्यासाठी बसवलेला नाही हे उघड दिसते. आत सभामंडपाच्या मधोमध दगडी कासव. चारी पाय आणि मान आत ओढून घेणारा हा प्राणी म्हणजे इंद्रिये आवरलेला साधक. गाभाऱ्याकडे जाणाऱ्याने आधी काय करायचे, ते तो न बोलता सांगतो. गाभाऱ्याच्या भिंतीशी हनुमंताची मोठी मूर्ती आहे. आत महादेव. हेमाडपंती देवळांसारखी खांबाखांबावर कोरणी इथे नाही, अप्सरा नाहीत, वेलबुट्टी नाही. नजर कुठे अडकत नाही, म्हणून नंदी, कासव, मारुती आणि पिंडी ही चारच रूपे मनात ठसतात. राजधानीच्या देवळाला हा संयम शोभतो, असे मला वाटते.

आणि मग शिलालेख. दाराच्या उजव्या हाताला भिंतीत तो बसवला आहे, तोही संस्कृतात. काळ सांगताना कवीने आकड्यांऐवजी शब्द योजले आहेत: षट्, नव, बाण, भूमी. म्हणजे सहा, नऊ, पाच, एक. उलट क्रमाने वाचले की शके १५९६, आनंद संवत्सर. शिवछत्रपतींच्या आज्ञेने हा प्रासाद उभा राहिला असे सांगून लेख पुढे बांधकाम करणाऱ्या हिरोजीने गडावर उभारलेल्या विहिरी, तळी, बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा आणि राजगृहांची नोंद करतो. चंद्रसूर्य असेपर्यंत ती नांदोत, अशी प्रार्थनाही आहे. बांधणाऱ्याचे नाव देवाच्या भिंतीवर कोरू देणारा राजा काही लपवू पाहत होता, असे कसे म्हणावे? पायरीपाशी याच हिरोजीचा आणखी एक लहान लेख आहे, मराठीत. सेवेत तत्पर असल्याचे सांगणारा. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांशी त्याने स्वतःसाठी जागा घेतली.

मग घुमट कुठून आला? दख्खनच्या गवंड्यांच्या हातातून. विजापूरचा गोल घुमट तेव्हा वीसेक वर्षांपूर्वीचाच होता. चुना आणि दगडात घुमट वळवणे ही या मुलखाची अंगवळणी पडलेली विद्या होती. महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार करवलेल्या गोव्यातील नार्व्याच्या सप्तकोटेश्वरावरही घुमटच आहे. पुढे शाहूंच्या काळात उभ्या राहिलेल्या कवळ्याच्या शांतादुर्गेवरही.

आसपासच्या बांधणीचा आकार उचलणे जगात इतरत्रही घडते. आयर्लंडमध्ये डोनेगल परगण्यातल्या बर्ट गावी लियाम मॅकॉर्मिक या वास्तुविशारदाने १९६७ मध्ये सेंट एंगस चर्च पूर्ण केले. ते गोल आहे. जवळच्या टेकडीवरच्या ग्रियानन ऑफ एलेक या प्राचीन वर्तुळाकार दगडी कोटाचा आकार त्याने उचलला. त्याला कोणी वेषांतर म्हणत नाही; मातीशी जोडलेले बांधकाम म्हणतात.

लेखातले शके १५९६ हे वर्ष पाचाड विसरू शकत नाही. ६ जून १६७४ ला गडावर राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला पाचाडच्या वाड्यात जिजाऊसाहेबांनी देह ठेवला. त्यांची समाधी गावात आहे. वाड्याच्या अवशेषांत विहिरीवर टेकून बसण्यासाठी घडवलेला दगडी तक्क्या दिसतो, त्यावरून ती तक्क्याची विहीर. तिथेही कोरणीचा सोस नाही. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजी तोफांनी गडावरचे वाडे जाळले. त्या वैभवाचे लाकूडकाम गेले. देऊळ आणि लेख उरले.

२०२५ मध्ये रायगड जागतिक वारसा यादीत आला, गर्दी आणखी वाढेल. तेव्हा एक विनंती: अक्षरे उठावदार दिसावीत म्हणून लेखावर खडू, हळद किंवा तेल चोळू नका, कोणी चोळत असेल तर थांबवा. बाजूने तिरपा उजेड धरला की दगडातली अक्षरे स्वच्छ वाचता येतात.