पाहुण्या पक्ष्यांची सामायिक मोजदाद

दिल्लीजवळ यमुनेवर ओखला येथे बंधारा घातल्यामुळे जे विस्तीर्ण पाणी साचले आहे, त्यावर दर हिवाळ्यात उत्तरेकडील बदकांचे थवे उतरतात. नैर्ऋत्येस नजफगढची झील आहे आणि तिच्यापलीकडे, गुरुग्रामजवळ, सुलतानपूरचे तळे. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला या तिन्ही जागांमधील अंतर ते किती वाटणार! कारभार मात्र वेगवेगळा आहे. ओखल्याचे अभयारण्य उत्तर प्रदेशाकडे, सुलतानपूर हरियाणाकडे, तर नजफगढची झील दिल्ली व हरियाणा यांच्या सीमेवर पसरलेली.

समजा, एखाद्या वर्षी सुलतानपूरला पट्टकादंब हंस निम्मेच दिसले. ते वाटेत मेले, की पाणी आटल्यामुळे नजफगढला जाऊन बसले? केवळ सुलतानपूरची वही पाहून याचे उत्तर देता येणार नाही. शिवाय एकच थवा सोमवारी एका तळ्यावर आणि बुधवारी दुसऱ्या तळ्यावर मोजला गेला, तर संख्या उगाच फुगते. म्हणून १९८७ पासून चालू असलेल्या आशियाई पाणपक्षी गणनेत अनेक देशांतील निरीक्षक जानेवारीच्या ठराविक पंधरवड्यात मोजणी करतात. नावाचाही घोटाळा होतो. मराठीत ज्याला थापट्या म्हणतात, तेच बदक हिंदीत तिदारी होय. यास्तव नोंदीत शास्त्रीय नाव लिहिणे अगत्याचे ठरते.

मोजणीवरून पक्षी किती ते कळते. कोठून आले ते कळत नाही. त्यासाठी पायात क्रमांकाचे धातूचे कडे घालतात. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने हे काम १९२७ मध्ये धार संस्थानात आरंभिले आणि १९६० नंतरच्या दशकात भरतपूर येथे मोठ्या प्रमाणावर चालविले. कड्यावर ‘मुंबईस कळवा’ अशा अर्थाची सूचना कोरलेली असे. दूर देशी एखाद्या शिकाऱ्याने ती वाचून पत्र धाडले, तरच त्या कड्याचे सार्थक. एरवी सारे श्रम वाया! आता उपग्रहाशी बोलणारी लहान यंत्रे पक्ष्याच्या पाठीवर बसवितात. अशाच यंत्रामुळे पट्टकादंब हिमालयावरून ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर उडाल्याचे नोंदले गेले.

माहितीची ही देवघेव किती निकडीची आहे, हे सायबेरियाच्या पांढऱ्या क्रौंचावरून दिसते. भरतपूरला येणाऱ्या क्रौंचांची संख्या वर्षानुवर्षे घटत असल्याचे तेथील निरीक्षक पाहत होते; पण संकट बव्हंशी वाटेवरच्या देशांत होते, आणि तेथील शिकार थांबविणे भरतपूरच्या हाती नव्हते. २००२ नंतर तो पक्षी तेथे आलेला नाही.

या हवाई मार्गास मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. आर्क्टिक महासागरापासून हिंदी महासागरापर्यंत सुमारे ३० देश त्यावर येतात. त्यांच्या कामाचा मेळ घालणारे केंद्र भारतात असावे, असे २०२४ च्या फेब्रुवारीत समरकंद येथील परिषदेत ठरले. तेथे जमा होणाऱ्या आकड्यांत ओखल्याच्या काठी दुर्बीण घेऊन उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकाचा आकडाही असला पाहिजे. मात्र त्यापुढे दिनांक, वेळ आणि जागा अचूक लिहिलेली हवी.