पहिल्या तपासणीनंतर

सोलापूरची नवी पेठ ही खरेदीची पेठ. सकाळपासून रात्रीं दुकानें बंद होईपर्यंत तेथें माणसांची वर्दळ असते. अशा वस्तींत एखाद्या घरची मुलगी आईबरोबर वरचेवर सिव्हिलकडे जातांना दिसली, तर "काय हो, कोण आजारी आहे?" असा प्रश्न यावयाचाच. विचारणाराच्या मनांत बहुधा वाईट कांहीं नसतें. परंतु ज्या बालकावर लैंगिक अत्याचार झाला आहे, त्याच्या आईबापांना हा साधा प्रश्न इतका जड जातो कीं, पहिल्या दिवशीं मोठ्या धैर्यानें रुग्णालयाची पायरी चढलेलें कुटुंब पुन्हां तिकडे फिरकत नाहीं.

पहिल्या दिवशीं जें होतें त्याचा बराचसा भाग न्यायालयाच्या उपयोगाचा असतो. अंगावरील खुणांची नोंद, नमुने घेणें, लखोटे मोहोरबंद करणें, हें सर्व आवश्यकच आहे. पण त्यामुळें घरच्यांचा असा समज होतो कीं, तपासणी झाली म्हणजे वैद्यांचें काम संपलें. वस्तुतः बालकाच्या प्रकृतीच्या दृष्टीनें पाहिलें तर तें तेथून सुरू होतें.

एच.आय.व्ही.चा संसर्ग टाळण्याचें औषध घटनेपासून 72 तासांच्या आंत सुरू करावें लागतें, आणि सुरू केल्यावर 28 दिवस एकही दिवस न चुकतां घ्यावें लागतें. या औषधानें कित्येकांना मळमळतें. लहान मूल उलटी करतें, जेवत नाहीं, आणि आई आठवड्यांतच गोळ्या बंद करते. डॉक्टरांना विचारलें असतें तर त्यांनीं मळमळीवर उपाय सांगितला असता; पण विचारणार कोठें? काविळीच्या 'ब' प्रकाराची लस पूर्वीं टोचलेली नसेल, तर पहिल्या टोचणीनंतर एका महिन्यानें आणि सहा महिन्यांनीं पुढच्या टोचण्या येतात. रक्ताची तपासणीही एकदां करून भागत नाहीं. उपदंशाचा किंवा एच.आय.व्ही.चा संसर्ग झाला असला तरी तो रक्तांत दिसूं लागण्यास कांहीं काळ जावा लागतो; म्हणून पहिल्या दिवसाचा 'दोष नाहीं' हा अहवाल अखेरचा समजूं नये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें 2014 सालीं काढलेल्या मार्गदर्शिकेंत दोन दिवसांनीं, तीन आठवड्यांनीं आणि सहा आठवड्यांनीं पुन्हां बोलावण्यास सांगितलें आहे. दोन दिवसांनीं कां? तर मुका मार कित्येकदां उशिरा उमटतो.

वयांत आलेल्या मुलीच्या बाबतींत गर्भधारणेची तपासणी पुन्हां करणें फार महत्त्वाचें. गर्भधारणा टाळण्याची गोळी पांच दिवसांच्या आंत, आणि जितकी लवकर तितकी बरी. ती संधि गेली व पुढची भेटही चुकली, तर पोट दिसूं लागेपर्यंत घरांत कोणाला कळत नाहीं. 2021 सालच्या दुरुस्तीनें अशा मुलींना 24 आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा दिली आहे; परंतु संकोचांत हे आठवडे केव्हां सरतात हें समजत नाहीं.

मनाची जखम तर आणखी उशिरा बोलूं लागते. झोपेंत दचकणें, अंथरूण ओलें करणें, अभ्यासावरून लक्ष उडणें, एखाद्या विशिष्ट नातेवाइकाचें नांव निघतांच गप्प होणें, हीं लक्षणें महिन्यांनींही दिसतात. मुलगा असला तर घरचे त्याला 'विसरून जा, मर्दासारखा राहा' म्हणून मोकळे होतात. विसरण्याची आज्ञा पाळतां येत असती तर वैद्यांची गरजच काय होती?

कायदा या बाबतींत बालकाच्या बाजूचा आहे. 2012 सालच्या पोक्सो कायद्यानें मुलगा व मुलगी असा भेद ठेवलेला नाहीं. त्याखालील 2020 सालच्या नियमांप्रमाणें उपचारापूर्वीं डॉक्टरांनीं पोलिसांचा किंवा न्यायाधीशांचा कागद मागावयाचा नाहीं. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानें प्रथमोपचार व उपचार विनामूल्य द्यावयाचे, हें 2013 सालीं ठरलें आणि 2024 पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतही तें कायम आहे. एक अडचण मात्र खरी: घटना कळल्यावर पोलिसांना कळविणें डॉक्टरांवरही बंधनकारक आहे, आणि त्या भीतीनें कांहीं घरें ओळखीच्या डॉक्टरांकडेही जात नाहींत. कळविणें योग्यच, परंतु कळविल्यावर त्या मुलाला एकटें सोडणें योग्य नव्हे.

शाळेंत मूल दोन दिवस आलें नाहीं तर हजेरीपट तें बोलून दाखवितो, मास्तर निरोप धाडतात. रुग्णालयांत न आलेल्या रोग्याची अशी चौकशी कोणी करावी, हें बहुधा ठरलेलें नसतें. पोक्सो नियमांत बालकल्याण समितीनें 'सहाय्यक व्यक्ति' नेमण्याची जी तरतूद आहे, तिचा खरा उपयोग येथें आहे. पुढची तारीख एका माणसाच्या वहींत असली, त्यानें आदल्या दिवशीं दूरध्वनि केला आणि तो स्वतः बरोबर गेला, तर अर्ध्याहून अधिक अडचण मिटेल. मुंबईंत 'सेहत' या संस्थेनें महानगरपालिकेबरोबर प्रथम वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत 'दिलासा' हा विभाग चालविला, व 2008 पासून पालिकेच्या रुग्णालयांत लैंगिक अत्याचारग्रस्तांच्या उपचाराची पद्धत बसविली. समुपदेशक रुग्णालयांतच बसत असल्यानें रोग्याला निराळ्या दाराशीं जावें लागत नाहीं, ही त्यांतली शहाणपणाची गोष्ट.

सोलापुरांत वैशंपायन स्मृति वैद्यकीय महाविद्यालयाशीं जोडलेलें सर्वोपचार रुग्णालय आहे; बालरोग, स्त्रीरोग व मनोविकार या शाखांचे डॉक्टर एका आवारांत आहेत. पुढच्या भेटीच्या कागदावर घटनेचा उल्लेख नसावा, केवळ तारीख व विभाग असावा. एकाच दिवशीं तिन्ही ठिकाणचें काम उरकून द्यावें, म्हणजे आईची विडी वळण्याची मजुरी एकदांच बुडेल. भेट चुकलीच, तर आठवड्यानें किंवा महिन्यानें गेलें तरी चालतें. तेथें कोणी रागावूं नये. आणि कोठें जावें हेंच उमगत नसेल, तर 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.