संशय आला, पुढे काय? पोलिसांना केव्हा कळवावे

दसरा उलटला की यवतमाळ जिल्ह्यातील बाजारपेठांना निराळीच लगबग येते. जिनिंगच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या उभ्या राहतात, सोयाबीनची आवक वाढते आणि वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा, उमरखेड येथील पेढ्यांवर रात्री उशिरापर्यंत हिशेब चालतात. याच दिवसांत रोकड अधिक हाताळली जाते, अनोळखी माणसांची ये-जा वाढते आणि घरी बहुधा वडीलधारी मंडळी व मुलेच असतात. अशा एखाद्या संध्याकाळी कोणी येऊन सांगतो, ‘मागच्या गल्लीत दोन माणसे तासाभरापासून घुटमळत आहेत.’

त्या क्षणी आपण काय करतो? ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून शटर ओढतो, किंवा त्या माणसांचे छायाचित्र काढून समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. पोलिसांना साधा फोन करावा, हे आपल्याला सर्वांत शेवटी सुचते. गप्प बसणे आणि गर्दी जमवणे हे दोन्ही मार्ग किती महाग पडू शकतात, हे अलीकडच्या दोन घटनांवरून ध्यानात येईल.

पहिली घटना आपल्याच राज्यातील आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या काळात मोबाइलवरून सर्वदूर पसरल्या होत्या. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात दिसले आणि लोकांना संशय आला. पाहता पाहता जमाव गोळा झाला. त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. ते मुले पळवणारे नव्हते. पोट भरण्यासाठी घरापासून दूर आलेली ती गरीब माणसे होती.

त्या बाजारातील प्रत्येकाला आपण मुलांचे रक्षण करीत आहोत असेच वाटले असेल. संशय येणे हा अपराध नव्हे. आपल्या लेकरांची काळजी कोणाला नसते? परंतु संशय खरा की खोटा, याचा निवाडा जमावाने केला आणि शिक्षाही त्यानेच दिली. आपण गटावर टाकलेले एक छायाचित्र अशाच जमावाचे पहिले पाऊल ठरू शकते, हे विसरता कामा नये.

दुसरी घटना व्यापारी जगताची. वर्धमान या प्रसिद्ध सूत व कापड उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना ऑगस्ट २०२४ मध्ये काही भामट्यांनी तपास यंत्रणेचे अधिकारी असल्याचे भासवून फोन केला. त्यांना व्हिडिओ कॉलवर सतत नजरेखाली ठेवले, सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणीही दाखवली आणि कोणाशी बोलू नका असे बजावले. वयाच्या ८२व्या वर्षी, एवढा मोठा कारभार सांभाळणाऱ्या या गृहस्थांकडून ७ कोटी रुपये उकळले गेले. अखेर त्यांनी आपल्या एका सहकाऱ्याला सांगितले, तक्रार झाली आणि पोलिसांनी सुमारे सव्वापाच कोटी रुपये परत मिळवले. पुढे ओसवाल यांनी हा अनुभव स्वतः जाहीरपणे सांगितला. एवढ्या प्रतिष्ठित माणसाला फसवणूक सांगण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट आपण विशेष लक्षात घ्यावी.

‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. ‘घरच्यांना सांगू नका’ असे कोणी फोनवर म्हणाला, तर त्याच क्षणी घरच्यांना सांगावे.

आता कळवायचे केव्हा आणि कोणाला, हे पाहू.

गुन्हा घडत असेल, कोणाच्या जिवाला धोका असेल, घरात कोणी शिरले असेल किंवा जमाव एखाद्याला घेरत असेल, तर तत्काळ ११२. हा फोन उचलणारी व्यक्ती आपल्या गावातील असेलच असे नाही. म्हणून ‘मेन लाइनवरून बोलतोय’ एवढे सांगून भागत नाही. जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची ठळक खूण सांगावी. माणसे किती, वाहन कोणते, क्रमांक दिसला का, ती कोणत्या दिशेने गेली, हेही सांगावे. जात, धर्म किंवा पेहराव यांवरून संशय घेऊ नये. माणूस काय करीत आहे, ते सांगावे.

बँक खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३०. येथे वेळेला फार मोल आहे. तक्रार लवकर झाली, तर पैसे ज्या खात्यात गेले तेथेच ते गोठवण्याची संधी असते. एकदा ते पुढील खात्यांत पांगले की वसुली कठीण होते. ‘आधी सीए साहेबांना विचारू, मग पाहू’ यात हातची वेळ निघून जाते. एखादे मूल एकटे, भांबावलेले दिसले, तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

तातडी नसेल, परंतु काही खटकत असेल, तर स्थानिक पोलीस ठाणे. गोदामाभोवती रोज फेऱ्या मारणारे वाहन, खंडणीची सूचक धमकी, अवाच्या सवा स्वस्तात दागिने विकायला आलेला अनोळखी माणूस, अशा गोष्टी घडून गेल्यावर सांगण्यापेक्षा आधीच सांगाव्यात. आपले ठाणे कोणते, हेही ठाऊक असावे. एकट्या यवतमाळ शहरातच यवतमाळ शहर, अवधूतवाडी आणि लोहारा अशी वेगवेगळी ठाणी आहेत.

स्वस्तातील दागिन्यांविषयी थोडे अधिक. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा कायद्याने गुन्हा आहेच. पण आपल्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांतही चोरून आणलेली वस्तू घेण्याचा उल्लेख आहे. म्हणजे अशा माणसाला परत पाठवून आपले कर्तव्य संपत नाही. तो पुढच्या दुकानात जाईल, हे जाणून पोलिसांना कळवणे हे व्रताच्या भावनेला धरूनच आहे.

तरीही आपली पावले ठाण्याकडे वळत नाहीत. ‘कोर्टाच्या चकरा कोण मारणार? दुकान कोण पाहणार? लोक काय म्हणतील?’ या शंका अगदीच निराधार आहेत असे नाही. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने नागरिकाला काही आधार दिले आहेत. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून ती नाकारता येत नाही. खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. नोंदवलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद झाली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी कळवता येते. साक्षीसाठी महिला, १५ वर्षांखालील व ६० वर्षांवरील पुरुष यांना राहत्या घराबाहेर बोलावण्याची सक्ती करता येत नाही. आपल्या घरांतील आजी-आजोबांना हे अवश्य सांगावे.

डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्यास सामान्य नागरिकही पकडू शकतो, अशी तरतूद कायद्यात आहे. पण त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. पकडण्याची ही मुभा मारण्याची नाही, आणि केवळ संशयावर तर ती मुळीच मिळत नाही.

हे सारे संकटाच्या घडीला आठवत नाही. त्याची तयारी शांत दिवसांत करावी लागते. ११२, १९३० आणि आपल्या ठाण्याचा क्रमांक गल्ल्याजवळ ठळक अक्षरांत लावावा. कॅमेरे चालू आहेत का, मुद्रण किती दिवस राहते, हे महिन्यातून एकदा पाहावे. भाडेकरू आणि नोकरांची माहिती ठाण्यात वेळेवर द्यावी. पर्युषणात किंवा प्रवचनाला सारे घर बाहेर पडते, तेव्हा शेजाऱ्यास सांगून जावे. लांबच्या यात्रेला निघताना ठाण्यातही कळवावे. समाजाच्या गटावर एक नियम असावा: संशयिताचे छायाचित्र प्रथम पोलिसांना जाईल, गटावर नाही.

फोन केला आणि संशय खोटा निघाला, तर काय गमावले? गल्लीत घुटमळणारे ते दोघे कदाचित पत्ता चुकलेले गाडीवान निघतील. पोलीस विचारपूस करतील आणि त्यांना जिनिंगची वाट दाखवतील. राईनपाड्याच्या बाजारात त्या पाच जणांना हवी होती ती एवढीच, साधी विचारपूस.